साठीनंतर वाइड-लेग जीन्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली २२ वर्षं मी डोंबिवलीत बायकांचे कपडे शिवते आणि अल्टर करते. पूर्वी जीन्स घेऊन यायच्या त्या कॉलेजच्या मुली. आता त्यांच्या आया येतात, आज्याही येतात. लेकीने आणलेली, सुनेने ऑनलाइन मागवलेली किंवा स्वतः हौसेने घेतलेली रुंद पायांची जीन्स पिशवीतून काढतात आणि दुकानात दुसरं कोणी नाही ना हे बघून प्रश्न विचारतात. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. मी स्वतः ६३ वर्षांची आहे आणि आठवड्यातले चार दिवस हीच जीन्स घालते.

वाइड-लेग म्हणजे आमच्या वेळची बेलबॉटमच ना?

जवळच्या नात्यातली, पण तीच नव्हे. बेलबॉटम मांडीला घट्ट बसायची आणि गुडघ्यापासून खाली उघडायची. वाइड-लेग सीटपासूनच सैल सुटते आणि सरळ खाली पडते. मांडीला जेवढा घेर, साधारण तेवढाच घोट्याशी. उंची कमी करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. बेलबॉटम खालून कापली की तिचा घेरच कापला जातो. वाइड-लेग चार इंच कापली तरी आकार बदलत नाही, त्यामुळे कमी उंचीच्या बायकांना ती सोयीची.

पलाझोची सवय असेल तर निम्मं काम झालेलंच आहे. पलाझोचं कापड पातळ असतं, वाऱ्याने उडतं, चालताना पायात घोटाळतं. डेनिमला स्वतःचं वजन असतं, म्हणून ते जागच्या जागी राहतं.

या वयात शोभेल का? खरं सांगा.

शोभते. स्किनीपेक्षा कितीतरी जास्त शोभते, आणि त्याचं कारण साडीत आहे.

साडी चांगली दिसते ती अंगावरून नीट पडते म्हणून. वर खांद्यात बसलेलं ब्लाउज, कंबरेपासून सरळ उतरणाऱ्या निऱ्या, आणि तळाशी फॉल लावलेला, म्हणजे काठाला वजन यावं आणि साडी पायाशी गोळा होऊ नये. आपण आयुष्यभर हेच नेसत आलो. वाइड-लेग जीन्सचं गणितही हेच आहे : वर नेटकं, कंबरेपासून खाली सरळ पडणारं कापड, आणि तळाला जाड दुमड, जी फॉलचंच काम करते. म्हणून ज्या बाईने ३०-४० वर्षं साडी नेसली आहे तिला ही जीन्स पहिल्याच दिवशी अंगावर पेलता येते. वीस वर्षांच्या मुलीला ती चाल शिकावी लागते.

स्किनी जीन्स गुडघ्यावरची सूज, पोटरीवरच्या फुगलेल्या शिरा, मांडीचा भरलेपणा, सगळं रेखाटून दाखवते, शिवाय काढता-घालताना दमछाक. रुंद पायाच्या जीन्समध्ये गुडघ्याला नी-कॅप लावली तरी कुणाला कळत नाही.

राहिला लोकांचा प्रश्न. आज पासष्टी-सत्तरीत असलेल्या बायका १९७० च्या दशकात कॉलेजात होत्या. बेलबॉटमची ती लाट त्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. घरून परवानगी नव्हती म्हणून अनेकींना घालता आली नाही. माझ्या टेबलासमोर उभं राहून ‘तेव्हा राहून गेलं’ असं म्हणणाऱ्या बायका मी मोजायच्या सोडून दिल्या आहेत. आणि जीन्स ही मुळात तरुणांची चैन नव्हतीच, ती राबणाऱ्या माणसांची विजार होती. अमेरिकेतला कापड व्यापारी लेव्ही स्ट्रॉस आणि शिंपी जेकब डेव्हिस यांना खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट मिळालं ते २० मे १८७३ रोजी. बायकांसाठी वेगळी जीन्स स्ट्रॉसच्याच कंपनीने आणली ती १९३४ मध्ये. आणि इंग्रजीत जाड कामकरी कापडाला जो ‘डंगरी’ शब्द आहे, तो आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेला असं मानलं जातं. तेव्हा हे कापड आपल्याला परकं आहे असं मनात आणू नका.

दुकानात कोणता साइझ मागू? ३२ म्हणजे नक्की किती?

आकड्यावर जाऊ नका. एका कंपनीची ३२ दुसरीच्या ३४ एवढी निघते. घरून टेपने दोन मापं घेऊन जा : बेंबीजवळची कंबर आणि सीटचा सगळ्यात रुंद भाग. ऑनलाइन घेताना तक्त्यात ही दोन मापं जुळवा.

कंबर आणि सीट एकाच साइझमध्ये बसत नसतील (आपल्यापैकी बहुतेकींचं असंच असतं) तर सीटला बसणारी घ्या. कंबर मागच्या मधल्या शिलाईतून इंच-दीड इंच आत घेता येते. उलटं होत नाही. ब्लाउज शिवताना आम्ही आत मार्जिन सोडतो, पुढे उसवून वाढवता येतं. जीन्सची शिलाई दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी मारलेली असते, आत वाढवायला काहीच नसतं. ‘वजन कमी झालं की बसेल’ म्हणून घट्ट घेतलेल्या जीन्स माझ्याकडे दरवर्षी येतात, आणि मला त्या बायकांना रिकाम्या हाताने परत पाठवावं लागतं.

ट्रायल रूममध्ये उभं राहून आरशात बघणं पुरेसं नाही. स्टुलावर बसून बघा. बसल्यावर कंबरपट्टीत दोन बोटं सहज गेली पाहिजेत आणि पाठीमागे पट्टी उघडी पडता कामा नये.

पोट सुटलं आहे. हाय-वेस्ट घेऊ की खालची?

हाय-वेस्ट, पण तुमच्या आसनाच्या मापाची. सलवारीला जसं आसन असतं तसंच जीन्सलाही असतं : दोन पायांमधल्या जोडापासून पुढच्या पट्टीपर्यंतचं अंतर. ते ८-९ इंच असेल तर पट्टी पोटाच्या खाली बसते, पोट वरून बाहेर येतं आणि दिवसभर जीन्स वर ओढत राहावी लागते. १०-११ इंच असेल तर ती बेंबीपाशी, म्हणजे आपण परकराची नाडी बांधतो साधारण तिथे येते. तिथे ती टिकते.

सिझेरियनची किंवा हर्नियाची जुनी जखम पट्टीखाली येऊन टोचत असेल तर पुढे सपाट आणि मागे इलॅस्टिक असलेली पट्टी शोधा. बाहेरून साध्या जीन्ससारखीच दिसते.

माझी उंची पाच फूट. मी आणखी बुटकी दिसेन का?

जीन्समुळे नाही, वरच्या कपड्यामुळे दिसाल. लांब, सैल टॉप मांडीच्या मध्यावर संपला की शरीराचे बरोबर दोन समान तुकडे पडतात आणि पाय आखूड वाटतात. टॉप कंबरेच्या जरा खाली संपवा किंवा पुढून थोडा खोचा. साडीत उंच दिसतो ते कंबरेची जागा दिसते म्हणून, इथेही ती दिसू द्या.

घेरही आवरता घ्या. खालचा घेर २४ इंचांच्या आसपास असला तर पाच फुटांच्या बाईवर तो जड होतो. १८ ते २० इंच बेताचा. जास्त असेल तर मी आतल्या शिलाईतून मांडीपासून खालपर्यंत सरळ रेषेत घेते. फक्त तळाशी घेतलं तर सलवारीसारखा आकार येतो, तो नको.

लांबी नेमकी किती ठेवायची?

या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, कारण इथे चूक झाली तर दिसण्याचं सोडा, माणूस पडतो.

मी स्वतः पडले आहे. पहिली वाइड-लेग घेतली तेव्हा जमिनीला टेकणारी लांबी छान दिसते म्हणून तशीच ठेवली. स्टेशनचा जिना उतरताना मागचा काठ टाचेखाली गेला आणि तीन पायऱ्या घसरले. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं. शिवणारी बाई सहा आठवडे बसून राहिली. तेव्हापासून माझ्या टेबलावरून कुणाही साठीच्या बाईची जीन्स जमिनीला लागेल अशी जात नाही.

नेहमीची चप्पल किंवा बूट घालून उभं राहायचं. काठ मागच्या बाजूला जमिनीपासून निदान एक इंच वर हवा. तोल जात असेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, किंवा रोज लोकलचा पूल चढावा लागत असेल तर सरळ घोट्याच्या हाडापर्यंत ठेवा. घोटा दिसणारी वाइड-लेगही फार सुरेख दिसते, विशेषतः पायात पैंजण किंवा चांगली कोल्हापुरी असेल तर. सरकत्या जिन्यावर कडेच्या पट्टीपासून पाय लांब ठेवा, तिथे रुंद काठ अडकतो. मोटरसायकलवर मागे बसताना काठ हाताने आवरून घ्या किंवा त्याला रबर लावा. साडीचा पदर आवरतो तसंच.

आणखी एक : आधी धुवा, मग कापा. सुती डेनिम पहिल्या धुण्यात आटतं. दुकानातून थेट माझ्याकडे आलेली जीन्स मी परत पाठवते. आणि टेलरला ‘खालचा मूळ काठ तसाच ठेवून उंची कमी करा’ असं सांगा. कंपनीच्या काठाला जो झिजलेला पांढुरका रंग असतो तो नव्या दुमडीला येत नाही. मूळ काठ कापून, वरची लांबी कमी करून, तोच परत जोडता येतो. काम थोडं वाढतं, पण जीन्स अल्टर केलेली वाटत नाही.

माझे सगळे कुर्ते गुडघ्यापर्यंतचे आहेत. ते चालतील का?

काही चालतील. सरळ कटाचा, बाजूला उंच चीर असलेला कुर्ता चांगला दिसतो, कारण चालताना चिरेतून जीन्सची सरळ रेषा दिसत राहते. चीर कमरेपर्यंत उसवून वाढवता येते, दहा मिनिटांचं काम आहे. घेरदार अनारकली किंवा ए-लाइन कुर्ता मात्र नको. वर घेर, खाली घेर, मध्ये बाई हरवते.

नवीन काही घ्यायचंच असेल तर कंबरेच्या खाली चार-पाच इंच येणारी कुर्ती घ्या. मंगलगिरी, इकत, साधी खादी, काहीही. खांदा मात्र तुमच्या मापाचा हवा. खांद्याची शिलाई दंडावर उतरली की सगळा अवतार ढगळ दिसतो, मग खाली कितीही चांगली जीन्स असो.

माझी आवडती जोडी सांगते. खणाचं आखूड जाकीट. खण हा ब्लाउजसाठीच विणला जायचा, म्हणून पन्हा लहान असतो आणि काठ दोन्ही बाजूंनी मिळतो. त्याचं कंबरेपर्यंतचं, बिनबाह्यांचं जाकीट साध्या पांढऱ्या टॉपवर घातलं आणि खाली गडद निळी वाइड-लेग, की हळदीकुंकवालाही जाता येतं. विरलेली इरकल किंवा नारायणपेठ कपाटात पडून असेल तर तिचा पदर आणि काठ बहुतेक वेळा धड असतात, त्यातूनही जाकीट होतं. गेल्या संक्रांतीला मी अशी पाच शिवली. त्यातली दोन सासू-सुनेची, एकाच साडीतून.

ओढणी घ्यायची सवय सुटत नसेल तर सोडू नका. लांब स्टोल गळ्यातून दोन्ही बाजूंनी सरळ सोडा. उभ्या दोन रेषा मिळतात.

मंगळसूत्र, टिकली, जोडवी यांचं काय?

घाला की. काढून ठेवायला कुणी सांगितलं? लहान वाटीचं मंगळसूत्र आणि मोठी टिकली या जीन्सवर मला फारच आवडते. फक्त लांब मंगळसूत्र जाकिटाच्या बटणात अडकतं, ते आत ठेवा.

देवळात चालेल का?

बहुतेक ठिकाणी अंगभर कपडे असले की प्रश्न येत नाही. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने जानेवारी २०२५ मध्ये कपड्यांबाबत नियम जाहीर केले, त्यात आक्षेप होता तो तोकड्या आणि फाटक्या कपड्यांना. तेव्हा गुडघ्यावर भोकं पाडलेली जीन्स नको. तशीही ती नकोच, त्या भोकात पाय अडकतो. दर्शनासाठी लांब कुर्ता आणि स्टोल घेतला की मनालाही बरं वाटतं.

पायात काय घालू?

टाचेला पट्टा असलेलं काहीही. उघड्या टाचेच्या पातळ सपातेत काठ टाचेखाली शिरतो. कोल्हापुरी दिसायला सगळ्यात छान, पण चामड्याचा तळ ओल्या फरशीवर घसरतो, म्हणून खाली रबर मारून घ्या. दीड इंचापर्यंतची चौकोनी टाच चालेल, टोकदार नको. पांढरे स्नीकर घालणार असाल तर नव्या जीन्सचा निळा रंग त्यांना लागतो. दोन-तीन धुणी होऊ द्या.

उकाड्यात आणि पावसात हे जाड कापड कसं सोसायचं?

सगळं डेनिम जाड नसतं. डेनिमचं वजन औंसात सांगतात, म्हणजे एका चौरस यार्डाचं वजन. पुरुषांच्या जुन्या पद्धतीच्या जीन्स १२ ते १४ औंसांच्या असतात. आपल्या हवेला ७-८ औंस पुरे. शॅम्ब्रे हे साध्या विणीचं, आणखी हलकं कापड. लेबलवर लायोसेल मिसळलेलं दिसलं तर जरूर हात लावून बघा, ते लाकडाच्या लगद्यापासून काढतात आणि फार मऊ पडतं. इलास्टेन, म्हणजे ताणला जाणारा धागा, एक-दोन टक्के असेल तर बसता-उठताना सोपं जातं. त्याहून जास्त असेल तर कापड पायाला चिकटायला लागतं आणि वाइड-लेगची सगळी मजा जाते. सैल पायातून वारा खेळतो, त्यामुळे मे महिन्यात स्किनीपेक्षा ही बरी वाटते.

पावसाळ्यात मात्र मी प्रामाणिकपणे सांगते : जुलैत घराबाहेर पडताना पूर्ण लांबीची घालू नका. काठ पाणी शोषतो, ते वर चढतं, पाय जड होतात आणि वाळायला दोन दिवस लागतात. घोट्यापर्यंतची असेल तर चालेल. वाळत घालताना उलटी करून कंबरेकडून टांगा, खिसे बाहेर काढा. सगळ्यात उशिरा वाळतात ते खिसे, आणि वास तिथूनच येतो.

बोटं दुखतात, बटण लागत नाही. बाथरूमला घाई होते तेव्हा काय करू?

हा प्रश्न बायका सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात लाजून विचारतात. लाजू नका. यामुळेच अनेकींची जीन्स कपाटात पडून राहते.

सोपा उपाय म्हणजे बटण-चेन नसलेली, वर ओढायची जीन्स. हल्ली चांगल्या मिळतात, पुढे खोटी चेन शिवलेली असते. आहे त्याच जीन्सला करायचं असेल तर धातूचं बटण काढून तिथे मोठा चपटा हुक लावता येतो, पँटला असतो तसा. ताठर काजात बटण ढकलण्यापेक्षा ते दुखऱ्या बोटांना पुष्कळ सोपं. चेनच्या खिटीला छोटी रिंग अडकवली तर चिमटीत धरावी लागत नाही, बोट घालून ओढता येते.

भारतीय पद्धतीच्या संडासात जायचं असेल, प्रवासात तर हमखास, तेव्हा आत शिरण्याआधीच दोन्ही काठ दोनदा दुमडून गुडघ्याच्या वर घ्या. घेर मोठा असल्यामुळे ते सहज चढतात आणि तिथे राहतात. ही सोय स्किनीत नाही, साडीतही नाही.

मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने जाते आहे. किती न्याव्यात?

दोन पुरेत : एक गडद, एक फिकट. १५-१६ तासांच्या विमानात पाय सुजतात तेव्हा सैल जीन्सचा फार आधार असतो, आणि डॉक्टरांनी दाबाचे मोजे सांगितले असतील तर ते आत घालता येतात. थंडीत आत थर्मल घाला, बाहेरून कळतसुद्धा नाही. बर्फ वितळून चिखल होतो त्या दिवसांसाठी एक घोट्यापर्यंतची ठेवा.

तिथे कपडे ड्रायरमध्ये सुकवतात. सुनेला आधीच सांगा की ही जीन्स टांगून वाळवायची. गरम हवेने सूत आटतं आणि इलास्टेन मरतं, मग गुडघ्याला फुगा येतो तो जात नाही.

रंग सुटतो. मिठाच्या पाण्यात भिजवू का?

त्याने थांबत नाही. डेनिममध्ये ताण्याचा, म्हणजे उभा, धागा निळा आणि बाण्याचा, म्हणजे आडवा, पांढरा असतो, म्हणून आतली बाजू पांढुरकी दिसते. ताण्यावरची नीळ धाग्याच्या आतपर्यंत मुरत नाही, वर बसलेली असते. ती घासून जाणारच, त्यातूनच जीन्सला तिचा रंग येतो. उलटी करून थंड पाण्यात, वेगळी धुवा. पहिली काही धुणी पांढऱ्या कुर्तीवर आणि फिकट सोफ्यावर सांभाळून.

एकच घ्यायची तर कोणता रंग?

गडद निळा, कुठेही पांढरे फराटे नसलेला. लग्नाच्या बोलणीपासून भाजी मंडईपर्यंत जातो. दुसरी घेणार असाल तर मोतिया. काळी उन्हात तापते आणि आपल्याकडच्या धुळीने आठवड्यात राखाडी दिसते.

उंची कमी केल्यावर उरलेला तुकडा टाकून द्यायचा का?

मुळीच नाही, टेलरकडून मागून घ्या आणि जीन्सबरोबर चार वेळा धुवा, म्हणजे दोन्हींचा रंग सारखा उतरेल. चालताना मांड्या एकमेकींना घासतात, त्यामुळे जीन्स विरते ती आधी आतल्या बाजूने, आसनाच्या जोडाखाली. वर्षा-दीड वर्षाने तिथे कापड पातळ झालेलं बोटांना कळतं. भोक पडायच्या आधी आणा. त्याच तुकड्याचं अस्तर आतून लावून मशीनने निळ्या दोऱ्याच्या जवळजवळ रेघा मारल्या की ती जीन्स आणखी तीन-चार वर्षं सहज जाते.